काकूंच्या टोपलीतलं लोखंड

आमच्या घरी कोंबड्या नव्हत्या. वडील शाळेत मास्तर, आणि मास्तराच्या अंगणात घाण नको असं आईचं म्हणणं. कोंबड्या होत्या शेजारच्या काकूंच्या. दोन परसांच्या मधे तुराट्यांचं कुंपण होतं, पण ते कशासाठी आहे हे कोंबड्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे घाण आमच्याकडे आणि अंडी काकूंकडे, अशी वाटणी माझ्या जन्माआधीपासून चालत आलेली होती. त्यावरून दोन घरांत कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

गाव भीमपूरच्या बाजूचं, पैनगंगेपासून कोसभर. नदीपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आंध्र. शाळेत तेलुगू, घरात मराठी. काकू दोन्ही सरकारांना सारख्याच हसायच्या. त्यांच्या एका कोंबडीचं नाव एमआरओ होतं. मंडलाचा साहेब गावात आला की दर घरी चहा पितो आणि काम न करता निघून जातो, तशी ही घरोघर दाणे टिपायची आणि अंडं कुठं घालते ते कुणाला कळू द्यायची नाही. कोंबड्याचं नाव कंडक्टर, कारण तो कितीही ओरडला तरी कुणी जागचं हलत नसे. आणि एक काळी, लठ्ठ कोंबडी होती, तिचं नाव मास्तरीण. ती एकदा खुडूक होऊन अंड्यांवर बसली की उठायची नाही, आणि जवळ येणाऱ्याला टोचायची. हे नाव माझ्या आईच्या तोंडावर घेतलं जायचं.

"काय वं मास्तरीणबाई, तुमच्या नावाची पुन्ना खुडूक झाली न," काकू कुंपणावरून म्हणायच्या.

"माह्या नावाची हाय तं माह्या घरी पाठवा," आई म्हणायची. "अंड्यासकट."

हिवाळ्यातल्या दुपारी काकूंच्या परसात बायका उन्हाला बसायच्या. कुणी सरकी वेचतंय, कुणी केस विंचरतंय, आणि बोलणं कोंबड्यांचं. कोणत्या कोंबडीनं मुंगसाला पळवलं, कोणता कोंबडा विहिरीत पडून पोहत वर आला. मी तिथं पाय पसरून बसायचे आणि मधेमधे सगळ्यांना सुधारायचे.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. आदिलाबादच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली, आणि अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत दोन वर्षं मुरलेली. आमचा गट इचोड्याहून चालायचा. आम्ही गुलाबी कागदावर पत्रकं छापायचो. पत्रकाची सुरुवात "जागे व्हा!" अशी व्हायची आणि शेवट तीन उद्गारचिन्हांनी. मी लिहायला शिकले ती पत्रकांतून. समोरचा माणूस झोपलेला आहे आणि आपण त्याला हलवून उठवतोय, हे गृहीत धरूनच पहिलं वाक्य यायचं. समोरचं माणूस आधीच जागं असेल आणि आपल्याकडेच बघत असेल, हे पत्रकात कधी येत नसे.

काकूंना एक मुलगा. त्याच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. वहिनी नदीपलीकडची, माझ्याच वयाची, कमी बोलणारी, पण बोलली की नेमकं. तीन वर्षांत मूल नव्हतं. काकू वाईट बाई नव्हत्या. सुनेला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उचलला नाही. पण गाव विचारायचं, आणि गावानं विचारलं की काकू हसून उत्तर द्यायच्या. त्या हसण्यानं वहिनीचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलेलं आहे.

त्या वर्षी दत्तजयंती झाली, आणि मास्तरीण खुडूक झाली. काकूंनी ठरवलं की या वेळी अंडी सुनेच्या माहेरची बसवायची. आमच्या भागातल्या काही घरांत ही रीत आहे. सून रिकामी असली तर तिच्या माहेरची अंडी आणायची, तिच्या हातानं टोपलीत मांडायची, आणि पहिलं पिल्लू बाहेर पडलं की तिच्या ओटीत टाकायचं. वहिनीचा भाऊ ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरून तेरा अंडी घेऊन आला. एकही फुटलं नव्हतं. तो दिवस सणासारखा गेला.

टोपलीत कुटार, म्हणजे भुसा, घातलं. कुटाराखाली वहिनीनं तीन वस्तू ठेवल्या: कोळशाचा तुकडा, लाल मिरची आणि विळ्याचं मोडकं पातं. आभाळ गडगडलं तर अंडी नासू नयेत म्हणून लोखंड, नजर लागू नये म्हणून बाकीचं. वर एकेक करून तेरा अंडी.

"एवढ्या थंडीत आभाळ कुठून गडगडणार, काकू?" मी विचारलं.

"नाई गडगडलं तं पात्याचं काय बिघडलं?" काकू म्हणाल्या. "ते का भाकर मांगून राह्यलं?"

सगळ्या हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "तेरा हायेत वं. तेरातलं एखादं तुह्या पोटात उबू दे."

"एखादं कायले?" काकू म्हणाल्या. "तेराच्या तेरा येऊ दे. कंडक्टर हायेच मोजायले."

पुन्हा हशा. वहिनीही हसली. तिनं मास्तरिणीला दोन्ही हातांनी उचलून अंड्यांवर बसवलं आणि डोळे मिटून हात जोडले. गंमत चालली होती, पण तिच्यासाठी ती गंमत नव्हती. मला ते दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही, म्हणून तर हे लिहिते आहे.

दिसलं आणि मला राग आला. राग मला लवकर येतो. एका बाईचं घरातलं स्थान कोंबडीच्या बुडाखाली ठेवायचं, ही कसली रीत? मी घरी जाऊन वहीत तावातावानं दोन पानं लिहिली. आणि मग मला ती कल्पना सुचली, जी फक्त पत्रकं लिहिणाऱ्या माणसालाच सुचू शकते. लोखंड काढून घ्यायचं. गुपचूप. पिल्लं लोखंडाविना बाहेर येतील. मग सगळ्या बायका जमल्या असताना पातं, कोळसा, मिरची पिशवीतून काढून समोर ठेवायची. पत्रकाचा मथळासुद्धा मी लिहून ठेवला: "लोखंडाविना उबलेली तेरा पिल्लं!!!"

वहिनीला विचारावं, हे मनात आलं नाही. ज्यांच्यासाठी आम्ही लढायचो त्यांना विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंच्या घरचे कापूस वेचायला गेलेले पाहून मी कुंपणातून आत गेले. कोपऱ्यात, गोठ्याच्या भिंतीला लागून टोपली होती आणि तिच्यावर मोठं डालं पालथं घातलेलं. मी डालं उचललं, मास्तरिणीचे दोन टोचे खाल्ले आणि कुटाराखालच्या तिन्ही वस्तू काढून खांद्यावरच्या शबनम पिशवीत टाकल्या. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पुरावा म्हटला की नोंद आली. मी एक दिवसाआड जायला लागले. मास्तरीण दाणापाण्यासाठी टोपलीतून उतरली की मी अंडी मोजायची, एखादं उन्हासमोर धरून आत काय दिसतं ते पाहायचं, आणि वहीत लिहायचं. सातव्या दिवसानंतर आत लाल रेषा दिसायला लागल्या. मला फार आनंद झाला. जणू त्या मीच ओढल्या होत्या.

चौदाव्या दिवशी आमच्या गावात निखाऱ्यांवरून चालण्याचा कार्यक्रम होता. निखाऱ्यांवर चालण्यात दैवी असं काही नाही, झपाझप चाललं, घाबरून थांबलं नाही, तर पाय भाजत नाहीत, हे आम्ही गावोगाव दाखवायचो. आमच्या गावात चालणार होते मी. मुलगी चालणार म्हणून आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता. आईनं जेवण सोडलं होतं. वडील एवढंच म्हणाले, "साडी नेसू नको, पदर जळंल."

त्या दुपारी मी सवयीनं काकूंच्या परसात गेले. डालं उचललं, मास्तरीण उतरून दाणे टिपायला निघून गेली. अंड्यांवर कावळा येऊ नये म्हणून मी डालं परत टोपलीवर पालथं घातलं. पाच मिनिटांनी कोंबडी आली की उचलून तिला आत घेऊ, असा विचार. तेवढ्यात रस्त्यावर इचोड्याहून आलेल्या जीपचा हॉर्न वाजला. भोंग्यातून माझं कौतुक सुरू झालं: या गावची धाडसी कन्या, आज सायंकाळी, सर्वांनी यावे. मी कुंपणातून धावत सुटले. मागून कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. मी वळले नाही. त्या दिवशी मला बऱ्याच लोकांच्या हाका येत होत्या.

खड्डा दहा हात लांब होता. चिंचेची लाकडं दुपारपासून जळत होती. आदिलाबादची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की अर्धं गाव विज्ञानासाठी नव्हे, शेकायला जमलं होतं. सूर्य बुडायच्या बेताला निखारे सारखे केले. मी सलवारीचे पाय वर खोचले. समोर काकू उभ्या होत्या, तोंडावर पदर दाबून.

"जाऊ नको वं माय," त्या ओरडल्या. "पाय जळले तं तुह्यासंगं कोन लगन करंल?"

"हातानं चालून दाखवन नवऱ्याले," मी ओरडले. गाव हसलं.

मी चालले. सात पावलं. खरं सांगायचं तर पायांना तापलेल्या वाळूसारखं लागतं आणि मग पलीकडची ओली माती लागते. मी तळपाय वर करून सगळ्यांना दाखवले. टाळ्या, शिट्ट्या. एका म्हाताऱ्यानं माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, तेव्हा मी त्याला तिथंच भाषण दिलं. मग बराच वेळ लोक मला धरून होते. काकूंचं सगळं घर तिथंच होतं, फक्त वहिनी नव्हती. ती का नव्हती हे मी विचारलं नाही. काकू घरी परतल्या तेव्हा अंधार पडला होता, आणि मास्तरीण डाल्याच्या बाहेर, डाल्याला अंग घासत बसलेली होती. हे मला दुसऱ्या दिवशी काकूंच्याच तोंडून कळलं.

"हे बी तमाशा पाह्यले आली होती का काय, कोन जाने," त्या हसून आईला सांगत होत्या. "डाल्याच्या बाहीर बसली होती, थंडीनं फुगून. मीच उचलून आत ठेवलं."

मी ऐकत होते. मला त्याच क्षणी कळलं. दुपारपासून अंधारापर्यंत, पौषाच्या थंडीत, चौदा दिवसांची अंडी उघडी होती. बीएस्सीला प्राणिशास्त्र होतं मला. अजून सात दिवस आहेत, उबतीलही, असं मी स्वतःला सांगितलं आणि वहीत नोंद करायची बंद केली.

एकविसावा दिवस गेला. बाविसावा गेला. चोविसाव्या दिवशी काकूंनी एक अंडं कानाशी धरून हलवलं. आतून पाण्यासारखा आवाज आला. दुसरं हलवलं. तेराही तशीच. त्यांनी एक फोडलं आणि वास असा सुटला की आईनं आमच्याकडची खिडकी लावली. मग काकूंनी कुटार उपसलं, आणि त्यांचा हात थांबला.

"लोखंड कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

वहिनी समोर उभी होती. "ठेवलं होतं, आत्याबाई."

"ठेवलं होतं तं गेलं कुठं? मास्तरिणीनं खाल्लं?"

परसात पाच-सहा बायका होत्या. मीही होते, कुंपणाच्या अलीकडे. माझी शबनम आत खुंटीला टांगलेली, तिच्यात पातं, कोळसा, मिरची. वीस पावलांवर.

"मी ठेवलं होतं," वहिनी पुन्हा म्हणाली. आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, सहज पाहिलं.

काकू ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अंड्यांची टोपली उचलून उकिरड्याकडे जाता जाता म्हणाल्या, "जिच्या मनातच नाई, तिच्या हातानं काय उबंल?" कुणी हसलं नाही. आधी हसणारी म्हातारी आता मान हलवत होती. गंमत होती ती निकाल होऊन गेली होती, आणि मी ते होताना पाहत उभी राहिले.

मी का बोलले नाही, याची मी त्या वेळी स्वतःला दिलेली उत्तरं मला पाठ आहेत. एक: मी काढलं असं सांगितलं तर गाव म्हणेल, लोखंड काढलं म्हणून अंडी नासली. चळवळीचं नुकसान होईल. दोन: दहा दिवसांपूर्वी ज्या गावानं टाळ्या वाजवल्या तेच गाव मला चोर म्हणेल, म्हणजे पुन्हा चळवळीचं नुकसान. तीन: सासू-सुनेची कुरबुर आहे, विरून जाईल. तिन्ही उत्तरांत वहिनी नव्हती. चळवळ मात्र दोनदा होती. प्रत्यक्षात भीती होती ती एवढीच, की काकू माझ्याकडे ज्या नजरेनं बघतील ती नजर मला सोसवली नसती. दहा हात निखारे मी तुडवले होते, आणि वीस पावलं चालून एक पातं आणून द्यायची माझी छाती झाली नाही.

संक्रांतीला वहिनी माहेरी गेली. पहिल्यांदा नव्हे, दर वर्षी जायची. पण या वेळी काकूंनी ट्रंकेसकट पाठवलं. "राहू दे जरा. बलावू मंग," म्हणाल्या. बोलावणं गेलं नाही. दादा, म्हणजे काकूंचा मुलगा, आधीच कमी बोलायचा, तो आता अजिबात बोलेनासा झाला. मी इचोड्याच्या बाजारात, ढाब्यांसमोर, बासरच्या रस्त्यावरच्या दोन गावांत सभा घेतल्या. विषय असायचा: निर्भय व्हा. लोक मला पायांविषयी विचारायचे. मी सांगायचे.

होळीच्या आधी एका दुपारी आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "काकूकडं काल पावने आले होते, निर्मलकडचे. त्याइच्या घरी पोरगी हाय म्हन्ते."

"कुणासाठी?"

"कोनासाठी म्हंजे? पोरासाठी. रिकाम्या बाईची किती दिवस वाट पाहतीन लोक?" आईचा आवाज साधा होता. जणू बैल बदलायचा होता.

मी उठले. शबनम खुंटीवरून काढली. हे मी धैर्यानं केलं असं नाही. त्या वाक्यानंतर त्या घरात बसून राहणं मला शक्य नव्हतं, एवढंच. काकू परसात कोंबड्यांना कण्या टाकत होत्या. मी कुंपणातून गेले आणि पातं त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवलं. कोळशाचा चुरा झाला होता, तोही झटकला.

"हे काय वं?"

"टोपलीतलं लोखंड. मी काढलं होतं. दुसऱ्याच दिवशी."

काकू पात्याकडे पाहत राहिल्या. कोंबड्या पायांत घोटाळत होत्या.

"काऊन?"

मी सांगितलं. पत्रकाचं, वहीचं, पिल्लं निघाल्यावर सगळ्यांना दाखवायचं होतं त्याचं. ऐकता ऐकता त्यांचं तोंड उघडं पडलं. मग मी चौदाव्या दिवसाचं सांगितलं. कोंबडी बाहेर राहिली ती माझ्यामुळे. जीप आली, मी पळाले.

"म्हंजे लोखंड काढलं म्हून नासली," काकू हळूच म्हणाल्या.

"नाही काकू, लोखंडाचा संबंध नाही. थंडीनं. कोंबडी पाच तास..." मी तेव्हाही समजावायला लागले. माझ्याच तोंडाची मला आज लाज वाटते.

"तुह्या थंडीचं राहू दे!" काकूंचा आवाज चिरकला. "लोखंडानं नासली का थंडीनं नासली, तूच नासवली न? अन् मी त्या पोरीले काय काय बोलली वं! तू कुंपनापाशी उभी होती. माह्या समोर उभी होती."

मला रडू फुटलं.

"माह्यापाशी रडू नको. मले कायले सांगून राह्यली? तिथं जा. तिच्या बापासमोर सांग. आज जा."

त्या नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जिची मला भीती होती, तीच नजर. त्यात तिरस्कार होता असं नाही. आपलं लेकरू म्हणून ज्याला परसात येऊ दिलं ते कोण निघालं, असं काहीतरी होतं.

मी त्याच दुपारी निघाले. नदीला पाणी गुडघ्याइतकं होतं. पलीकडे वाळू तुडवत वहिनीच्या माहेरी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणभर मिरच्या वाळत टाकलेल्या, आणि वहिनी त्या खालीवर करत होती. तिचे वडील आणि भाऊ ओट्यावर होते. मी पाणी प्यायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. दोघं पुरुष एकमेकांकडे पाहत राहिले. भावाला आपण पिठात पुरून आणलेली अंडी आठवली असावीत. तो उठून आत गेला.

वहिनी मिरच्या परतत होती. तिचा हात थांबला नाही.

"मले ठाऊक हाय, ताई," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"त्या दिवशी मी गोठ्यात बसली होती. बाजूले. कापसाले गेली नाई, तुमचा इस्तो पाह्यले बी आली नाई, म्हून." पाळी आली होती, हे तिनं वडिलांसमोर असं सांगितलं. "तुमी डालं उचललं, कोंबडी बाहीर आली, तुमी डालं टाकलं अन् पळाल्या. मी हाक मारली. ताई, कोंबडी! तुमी वळल्याच नाई."

ती हाक.

"तुम्हीच उचलून ठेवायची होती," मी म्हणाले. बोलले आणि माझं मला ऐकू आलं.

"मी शिवली असती तं कोनी पाह्यलं नसतं," वहिनी म्हणाली. "पन मंग एखादं बी नासलं असतं तं मी सारी जिंदगी म्हनली असती, माह्याच हातानं नासलं. तुमी म्हनता, तसं काई नसते. नसंल. पन माह्यापाशी तुमच्यासारखं पत्रक नाई, ताई. माह्यापाशी तेरा अंडी होती. मी तिथं बसून पाहत होती कोंबडीकडं. अंधार पडेपर्यंत."

"मग नंतर सांगायचं होतं काकूंना. कोंबडी माझ्यामुळे बाहेर राहिली म्हणून."

आता तिचा हात थांबला. "कोनी मानलं असतं? तुमी इस्तवावर चालल्या. मी तीन सालाची रिकामी." मग पुन्हा मिरच्यांकडे पाहत म्हणाली, "अन् मले वाटलं, तुमीच सांगसान. आज सांगसान, उद्या सांगसान."

तिच्या वडिलांनी विचारलं, "मंग आता? तयारी करू का?"

मी म्हणाले, "वहिनी, चला. काकूंनीच पाठवलंय मला."

"नाई. तुमच्यासंगं नाई येत," ती म्हणाली. राग नव्हता. "तुमी आल्या, सांगतलं, बरं झालं. पन मले नेनं तुमचं काम नाई. ज्यानं धाडलं त्याइले येऊ द्या."

मी एकटी परतले. काकू ओट्यावर बसल्या होत्या. मी निरोप सांगितला, शब्द न बदलता. "बरोबर बोलली," त्या म्हणाल्या आणि दादाला हाक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं नदीकडे गेले, आणि त्या संध्याकाळी ट्रंक दादाच्या डोक्यावर होती. निर्मलच्या पाहुण्यांचं नाव नंतर कुणी काढलं नाही. वहिनीला पुढं मूल झालं की नाही, हे मी इथं लिहिणार नाही. एकदा मी त्याचा देखावा करायला निघाले होते, तेवढा पुरे.

गावानं काय धडा घेतला म्हणाल, तर पुढच्या थंडीत आमच्याकडच्या प्रत्येक टोपलीत दोन दोन लोखंडं होती. मी कुणालाही सुधारायला गेले नाही.

पण माझ्या लाजेचं खरं कारण त्यानंतरचं आहे. मी कबूल केलं ही गोष्ट गावभर झाली, आणि गावाला ती आवडली. एवढी शिकलेली पोरगी, पन सोताहून सांगतलं, असं लोक म्हणायला लागले. आमच्या गटात तर एकानं बैठकीत उदाहरण म्हणून सांगितलं: कार्यकर्त्याकडे चूक मान्य करण्याचं धैर्य हवं. मी खाली मान घालून बसले. लोकांना ती नम्रता वाटली. मी ते थांबवलं नाही. थोडं बरंही वाटलं, हेही लिहून टाकते.

एका दुपारी काकूंच्या परसात पुन्हा बायका बसल्या होत्या. मला आता तिथं पाय पसरून बसवत नव्हतं, मी कुंपणापाशीच उभी होते. ती म्हातारी माझ्याकडे बोट करून नव्यानं आलेल्या एका पाहुणीला सांगत होती, "हे पोट्टी इस्तवावर चालली होती. अन् त्याच्यापरीस मोठी गोठ सांगू? चूक केली तं तिनं सोता येऊन सांगतलं. कोनी इचारलं बी नव्हतं."

वहिनी सरकी वेचत होती. तिनं मान वर केली नाही.

"व्हय," ती म्हणाली. "दोन महिन्यानं."